आयर्लंडहून लंडनच्या साइटवर: बिगारीपासून स्वतःच्या ठेक्यापर्यंत

आयरिश पासपोर्ट असलेल्या माणसाला ब्रिटनमध्ये राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. ‘कॉमन ट्रॅव्हल एरिया’ या जुन्या व्यवस्थेमुळे ही मुभा आहे. ब्रेक्झिटनंतरही ती शाबूत राहिली, कारण दोन्ही सरकारांनी ८ मे २०१९ रोजी करारपत्रावर सह्या करून ती पुन्हा पक्की केली. त्यामुळे आयर्लंडच्या मेयो किंवा केरी परगण्यातून निघालेला माणूस शनिवारी लंडनला उतरून सोमवारी कामावर उभा राहू शकतो. हा हक्क नागरिकत्वाशी बांधलेला आहे. आयर्लंडचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसालाही तो मिळतो, पण भारतीय पासपोर्टवर ‘स्टॅम्प ४’ हा आयर्लंडचा निवास परवाना घेऊन डब्लिनला राहणाऱ्याला मिळत नाही.

जाणं इतकं सोपं आहे म्हणूनच बरेच जण आधी काम धरतात आणि कागदपत्रं मागाहून बघू म्हणतात. या धंद्यात नुकसान होतं ते इथेच. १९५० ते १९७०च्या दशकांत लंडनमधल्या कॅम्डन टाउन आणि क्रिकलवुडच्या रस्त्यांवर पहाटे व्हॅन लागायच्या, मुकादम माणसं निवडायचा आणि मजुरी रोख मिळायची. ‘लम्प’ नावाच्या या पद्धतीत नोंद नव्हती आणि सरकारी विम्याची (नॅशनल इन्शुरन्सची) वर्गणीही भरली जात नव्हती. कित्येकांनी आयुष्यभर खंदक खणले आणि म्हातारपणी त्यांच्या नावावर पेन्शनपुरती वर्षंही भरली नाहीत. त्याच काळात केरीच्या जॉन मर्फी यांनी १९५१ मध्ये कंपनी काढली आणि तिच्या हिरव्या गाड्या लंडनभर दिसू लागल्या. पुढे मेयोच्या रे ओ’रूर्क यांनी १९७८ मध्ये सुरू केलेल्या काँक्रीटच्या फर्मने २००१ मध्ये ‘लेंग’ या ब्रिटिश कंपनीचा बांधकाम विभाग एका पौंडात विकत घेतला. कष्ट दोन्हीकडे होते. टिकली ती मात्र नोंदी ठेवणाऱ्यांची मिळकत, आणि या लेखाचा सगळा भर त्यावरच आहे.

निघण्याआधी

पासपोर्ट किंवा पासपोर्ट कार्ड, जन्मदाखला, ड्रायव्हिंग लायसन्स आणि जे काही प्रशिक्षण झालं असेल त्याची मूळ प्रमाणपत्रं बरोबर घ्या. कामाचा हक्क सिद्ध करायला आयरिश पासपोर्ट किंवा पासपोर्ट कार्ड एवढं पुरतं. आयर्लंडमध्ये सुतार, प्लंबर किंवा इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप पुरी केली असेल तर ते प्रमाणपत्र सोन्यासारखं जपा. फोनमधला फोटो कार्ड देणाऱ्या संस्थेला चालेलच असं नाही, आणि तिकडून डुप्लिकेट मागवण्यात आठवडे जातात.

एका गोष्टीवर नवखे हमखास अडखळतात. आयर्लंडमध्ये ‘सीएससीएस’ कार्ड म्हणजे पोकलेन, डंपर, क्रेनचं सिग्नलिंग, परांची अशा ठरावीक कामांचा परवाना. साइटवर पाऊल ठेवायला तिथे ‘सेफ पास’ लागतो. ब्रिटनमध्येही ‘सीएससीएस’ आहे, लांबलचक नावसुद्धा तेच, पण ते वेगळ्या संस्थेचं ओळखपत्र आहे आणि बिगाऱ्यापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांकडे मागतात. मशीन चालवायला ब्रिटनमध्ये ‘सीपीसीएस’ किंवा ‘एनपीओआरएस’ची कार्डं चालतात. खिशात आयरिश सीएससीएस आहे म्हणून निर्धास्त गेलेला माणूस गेटवरून परत फिरतो आणि त्या दिवसाची हजेरी बुडते.

पहिलं कार्ड

बिगाऱ्याचं कार्ड हिरवं असतं. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: बांधकामातील आरोग्य आणि सुरक्षेचा लेव्हल १ अभ्यासक्रम, जो साधारण एका दिवसात होतो, आणि सीआयटीबी या बांधकाम-प्रशिक्षण मंडळाची सुरक्षा परीक्षा. परीक्षेत ४५ मिनिटांत ५० प्रश्न असतात आणि ४५ बरोबर यावे लागतात. फी सध्या २२.५० पौंड आहे, कार्डाचे ३६ पौंड वेगळे. प्रश्न अवघड नसतात, पण ‘अनुभवाने जमेल’ म्हणून न वाचता बसणारे जुनेजाणते लोक नापास होतात. आग विझवण्याच्या कोणत्या यंत्राने कोणती आग विझवायची, शिडीचा कोन किती, ॲस्बेस्टॉस दिसलं तर काय करायचं, हे पाठच असावं लागतं. परीक्षा पास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत कार्डासाठी अर्ज करा, नाहीतर पुन्हा बसावं लागतं.

इलेक्ट्रिशियनचं कार्ड ‘ईसीएस’ म्हणून वेगळं आहे. तुमचा हात कितीही तयार असला तरी आयरिश प्रमाणपत्र जुळवून घेतल्याशिवाय पूर्ण इलेक्ट्रिशियन म्हणून उभं करत नाहीत. ही चौकशी आयर्लंड सोडण्याआधीच करा.

कर आणि वर्गणी

नॅशनल इन्शुरन्स नंबरसाठी ऑनलाइन अर्ज करा. नंबर यायच्या आधीही काम सुरू करता येतं, फक्त आला की लगेच मालकाला कळवायचा. याच नंबरावर पेन्शनची वर्षं जमतात. पूर्ण सरकारी पेन्शनला ३५ वर्षं लागतात आणि किमान १० वर्षांखाली सहसा काहीच मिळत नाही. आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे, म्हणून पात्रता बघताना दोन्हीकडची वर्षं एकत्र धरता येतात. म्हणजे डब्लिनला भरलेली चार वर्षं वाया जात नाहीत.

साइटवरचे बरेच लोक नोकर नसून पोटकंत्राटदार म्हणून काम करतात. त्यांच्यासाठी ‘सीआयएस’ ही करकपातीची योजना आहे. स्वयंरोजगार म्हणून नोंदणी केली की ‘यूटीआर’ हा दहा आकडी करदाता नंबर टपालाने येतो. त्यानंतर सीआयएसची नोंदणी वेगळी करावी लागते आणि नेमकी तीच राहून जाते. नोंदणी असेल तर मजुरीतून २० टक्के कापतात, नसेल तर ३० टक्के. आठवड्याची मजुरी १,००० पौंड धरली तर हातात ८०० की ७००, एवढा फरक पडतो. कपात फक्त मजुरीवर होते, मालावर नाही. बिलात १,००० पौंड मजुरी आणि ३०० पौंडांचं सामान असेल तर दोन्ही ओळी वेगळ्या लिहा. एकच आकडा टाकलात तर १,३०० वर कापून घेतील.

कापलेला पैसा तुमच्याच नावावर जमा असतो. समजा वर्षभरात ३०,००० पौंड मजुरी झाली, ६,००० कापले गेले आणि हत्यारं, सेफ्टी शूज, प्रवास, विमा असा ग्राह्य खर्च ३,००० झाला. नफा २७,०००. त्यातून १२,५७० ची करमुक्त मर्यादा वजा केली की १४,४३० उरतात. त्यावर २० टक्के आयकर २,८८६ आणि ६ टक्के नॅशनल इन्शुरन्स सुमारे ८६६, मिळून ३,७५२. म्हणजे साधारण २,२४८ पौंड परत येतात. पण त्यासाठी ५ एप्रिलला संपलेल्या वर्षाचं विवरणपत्र पुढच्या ३१ जानेवारीपर्यंत ऑनलाइन भरावं लागतं आणि कपातीचे दाखले हाताशी असावे लागतात. कराचा महिना ६ तारखेला सुरू होऊन पुढच्या ५ ला संपतो. कंत्राटदाराने १९ तारखेपर्यंत दाखला द्यायलाच हवा. तो दर महिन्याला मागून घ्या. दीड वर्षाने मागायला जाल तेव्हा ती फर्म बंद पडलेली असू शकते आणि तुमचे पैसे कापून सरकारात भरले की नाही, हे सिद्ध करणं तुमच्या गळ्यात पडतं.

एजन्सीमार्फत काम घेतलं तर पगार बहुधा ‘अम्ब्रेला’ कंपनीतून, म्हणजे कागदोपत्री मालक असलेल्या मधल्या कंपनीतून येतो. जाहिरातीत दिसणाऱ्या दरातून मालकाच्या वाट्याचा नॅशनल इन्शुरन्स, सुट्टीचा पगार आणि कंपनीची फी निघते, म्हणून हातात येणारी रक्कम ऐकलेल्या आकड्यापेक्षा बरीच कमी असते. ‘दर किती’ विचारण्यापेक्षा ‘४५ तासांचे शुक्रवारी खात्यात किती येतील’ असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

पहिलं काम कोणतं धरावं

पर्याय असेल तर जमिनीतलं काम धरा: खोदकाम, पाया, ड्रेनेज. आयरिश फर्मांचं बस्तान लंडनमध्ये इथेच बसलं आणि आजही ओळखीतून सुरुवात इथेच चटकन मिळते. शिवाय लेव्हल, उतार, काँक्रीट, मशीन या सगळ्यांशी एकदम गाठ पडते, त्यामुळे दोन वर्षांत जे शिकाल ते आतल्या फिनिशिंगच्या कामात पाच वर्षांतही मिळणार नाही.

लंडनची जमीन केबल आणि पाइपांनी भरलेली आहे, म्हणून पहिलं कौशल्य शोधण्याचं. खोदायच्या आधी खोदकामाचा परवाना आणि सेवांचे, म्हणजे जमिनीखालच्या केबल-पाइपांचे, नकाशे बघा. मग ‘कॅट’ नावाचं शोधयंत्र फिरवा. ते झाडूसारखं हेलकावत फिरवणं ही नेहमीची चूक आहे. यंत्र उभं आणि जमिनीजवळ धरून आधी लांबीत, मग रुंदीत असं सरळ रेषांत चालायचं. पॉवर मोडवर विजेच्या केबल सापडतात, पण ज्या केबलमध्ये त्या वेळी प्रवाहच नाही ती सापडत नाही. म्हणून रेडिओ मोड वापरा आणि जोडीचं ‘जेनी’ हे सिग्नल सोडणारं यंत्र लावा. प्लॅस्टिकचे गॅस आणि पाण्याचे पाइप कॅटला दिसत नाहीत, हे कायम डोक्यात ठेवा. खुणेपासून अर्ध्या मीटरच्या आत पोकलेनची बकेट घालायची नाही. तिथे इन्सुलेटेड मुठीच्या फावड्याने हाताने खणायचं, आणि पहार किंवा टिकाव वापरायचा नाही. नव्या लाइनीत गॅसला पिवळा, पाण्याला निळा, विजेला काळा किंवा लाल रंग असतो. जुन्या रस्त्याखाली या रंगांवर भरवसा ठेवू नका, तिथे बिडाचा गंजका पाइप कशाचाही असू शकतो.

खंदक ‘उथळच आहे’ म्हणून आधाराशिवाय उतरू नका. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते आणि छातीपर्यंत गाडलेला माणूस श्वास घेऊ शकत नाही. लंडनची चिकणमाती कोरडी असताना भिंतीसारखी सरळ उभी राहते आणि रात्रीच्या पावसानंतर तीच चीर देते. म्हणून आदल्या दिवशीची तपासणी धरायची नाही. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला जाणकार माणसाने खंदक बघितलाच पाहिजे. खोदलेली माती आणि मशीन काठापासून दूर ठेवा.

ड्रेनेज टाकताना ११० मिलिमीटर पाइपाला १:८० उतार म्हणजे १० मीटरला १२५ मिलिमीटर, आणि १:४० म्हणजे २५० मिलिमीटर. काम खालच्या टोकापासून वर न्यायचं आणि सॉकेटचं तोंड चढाच्या बाजूला ठेवायचं. कापलेल्या पाइपाची कड तासून, ग्रीस लावून मगच आत सरकवा. तशीच कड घुसवली की आतलं रबर दुमडतं, वरून काही दिसत नाही आणि हवेच्या चाचणीत लाइन नापास होते. त्या चाचणीत १०० मिलिमीटर पाण्याच्या दाबाची हवा ५ मिनिटांत २५ मिलिमीटरपेक्षा जास्त उतरता कामा नये. पाइपाखाली बारीक खडी सारखी पसरलेली असावी आणि प्रत्येक सॉकेटखाली खळगा करावा, नाहीतर पाइप फक्त सॉकेटवर टेकतो आणि भरावाच्या वजनाने मधे वाकतो.

काँक्रीट मागवण्याचा हिशेब लवकर शिका, कारण जो हे अचूक करतो त्याच्याकडे मुकादमाचं लक्ष जातं. २४ मीटर लांब, ०.६ मीटर रुंद आणि ०.३ मीटर जाड पट्टीपायाला ४.३२ घनमीटर लागतात. खंदकाच्या कडा कधीच सरळ नसतात, म्हणून १० टक्के धरून ४.७५ होतात आणि ५ मागवायचं. कमी पडलं तर दुसरी गाडी येईपर्यंत पहिलं घट्ट होतं आणि सांधा राहतो. ओतायला सोपं जावं म्हणून गाडीत पाणी मारायला सांगणारे भेटतील. ऐकू नका. चाचणीचे ठोकळे २८ दिवसांनी फोडतात, आणि तेव्हा ताकद कमी निघाली तर वरचं सगळं बांधकाम थांबतं.

वर चढताना

बिगारी म्हणून उत्तम कमाई होत असते आणि तिथेच माणूस अडकतो. हिरव्या कार्डावरून निळ्यावर जायला लेव्हल २ एनव्हीक्यू हे कामाच्या कौशल्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी कॉलेजात बसावं लागत नाही. मूल्यमापक साइटवर येऊन काम बघतो, तुम्ही फोटो, कामाची पत्रकं आणि मुकादमाची साक्ष जमवून द्यायची. म्हणून पहिल्या दिवसापासून स्वतःच्या कामाचे तारखेसह फोटो काढा, साइटवर परवानगी असेल तिथेच. लेव्हल ३ ला सोनेरी कार्ड आणि व्यवस्थापनाच्या वरच्या पातळीला काळं.

टोळी सांभाळायला लागलात की मुकादमांसाठीचा दोन दिवसांचा सुरक्षा अभ्यासक्रम ‘एसएसएसटीएस’ करा. साइट चालवायची असेल तर पाच दिवसांचा ‘एसएमएसटीएस’. दोन्ही पाच वर्षं चालतात. मोठ्या साइटवर मुकादमाकडे हे प्रमाणपत्र नसेल तर टोळीला काम सुरू करू देत नाहीत, त्यामुळे ज्याच्याकडे ते आहे त्याला फर्म स्वतःहून शोधत येते. लेसर लेव्हल लावणं, नकाशावरून आखणी करणं, रोजची डायरी लिहिणं हे याच टप्प्यावर हातात बसवा. डायरीत माणसं किती, मशीन कोणतं, किती वेळ थांबलं, कोणाच्या सांगण्यावरून थांबलं, एवढं रोज लिहा. नकाशाबाहेरचं काम करायला सांगितलं तर डेवर्कच्या (तासावारी जादा कामाच्या) पत्रकावर त्याच दिवशी सही घ्या. शुक्रवारपर्यंत थांबलात की साइट एजंटला काहीच आठवत नाही.

लंडनला पहिल्या वर्षी एकटेपणा येतो आणि आयरिश पब जवळ असतो. पूर्वी मजुरीचे चेक पबातच वटवून मिळायचे आणि अर्धी मजुरी तिथेच राहायची. आज पैसे बँकेत येतात, पण मोठ्या साइटवर दारू-ड्रग्जची अचानक चाचणी होते आणि आदल्या रात्रीची दारूही त्यात सापडते. कॅम्डन स्क्वेअरमधलं लंडन आयरिश सेंटर १९५४ पासून नव्या-जुन्या स्थलांतरितांना मदत करत आलं आहे. घर, भत्ते, कागदपत्रं, नुसती सोबत, कशासाठीही तिथे जायला संकोच करू नका. भाड्याच्या खोलीची अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि ती ३० दिवसांत संरक्षण योजनेत ठेवल्याचा कागद घरमालकाने द्यायला हवा.

स्वतःचा ठेका

चांगलं काम येणारे मुकादम स्वतःचा ठेका घेतात आणि पहिल्याच कामात बुडतात. काम वाईट असतं म्हणून नव्हे, पैसा वेळेवर हातात नसतो म्हणून. पाच माणसं, रोज २०० पौंड, पाच दिवस: आठवड्याला ५,०००. महिन्याअखेर बिल लावायचं आणि पैसे साधारण महिन्याने येणार, म्हणजे पहिला पौंड दिसेपर्यंत आठ आठवड्यांची ४०,००० पौंड मजुरी तुमच्या अंगावर आलेली असते. आता पहिलं बिल २८,००० चं, सगळं मजुरीचं. त्यातून ५ टक्के रिटेन्शन, म्हणजे दोषदुरुस्तीपोटी राखून ठेवलेली रक्कम, १,४०० गेलं, राहिले २६,६००. त्यावर २० टक्के सीआयएस ५,३२०. हातात २१,२८०. हा तक्ता काम घेण्याआधी मांडा. पंधरवड्याने बिल काढायची अट मागा. लहान फर्मना ती मिळते, पण मागावी लागते.

इथेच मर्यादित कंपनी काढण्याचा फायदा कळतो. तुमच्या माणसांची कपात तुम्हाला दर महिन्याला सरकारात भरायची असते. कंपनी असेल तर तुमची कापलेली रक्कम त्यातून वळती करून घेता येते. एकट्याच्या नावावर धंदा असेल तर वळती होत नाही, वर्षअखेरीची वाट बघावी लागते. वर्षाची मजुरीची उलाढाल ३०,००० पौंडांहून जास्त असेल आणि कर वेळेवर भरलेला असेल तर कपातीशिवाय पूर्ण रक्कम घेण्याचा दर्जा मागता येतो. कंपनीला यासाठी प्रत्येक संचालकामागे ३०,००० किंवा एकूण १,००,००० चा निकष आहे. उशीर झाला तर हा दर्जा जाऊ शकतो, म्हणून पहिल्या वर्षापासून तारखा पाळा.

माणूस कामावर ठेवला की किमान ५० लाख पौंडांचा एम्प्लॉयर्स लायबिलिटी विमा (कामगाराला इजा झाली तर भरपाईसाठी) कायद्याने सक्तीचा आहे. सार्वजनिक दायित्वाचा, म्हणजे तिऱ्हाइताच्या नुकसानीचा, विमा मुख्य कंत्राटदार मागतो तेवढा काढा. व्हॅटची नोंदणी ९०,००० पौंडांच्या उलाढालीवर लागते. १ मार्च २०२१ पासून बांधकामात व्हॅट बहुतेक वेळा वरचा कंत्राटदारच भरतो. त्यामुळे पूर्वी व्हॅटचे पैसे तीन महिने वापरायला मिळायचे, तो आधार आता धरू नका.

दर देताना ‘खोदकाम उक्तं’ अशी एक ओळ लिहू नका. माती कुठे टाकायची, पाणी लागलं तर पंप कोणाचा, जुना पाया किंवा काँक्रीट लागलं तर तासाचा दर किती, सेवा सापडल्यामुळे थांबावं लागलं तर हजेरी कोण देणार, हे दरपत्रकातच लिहा. माती दूषित निघाली तर ती टाकायचा खर्च काही पटींनी वाढतो आणि वगळलेली बाब लिहिली नसेल तर तो तुमच्याच खिशातून जातो.

पैसे अडले तर १९९६ चा बांधकाम कायदा पाठीशी आहे. वरून पैसे आले की देतो, अशी अट एरवी लागू पडत नाही. वरचा ग्राहक दिवाळखोर झाला तरच ती चालते. कमी रक्कम द्यायची असेल तर कंत्राटदाराने मुदतीत तशी लेखी नोटीस द्यावी लागते. पैसे न आल्यास सात दिवसांची नोटीस देऊन काम थांबवता येतं आणि ॲडज्युडिकेशनमध्ये, म्हणजे कोर्टाबाहेरच्या निवाड्यात, प्रकरण सोपवल्यापासून साधारण २८ दिवसांत निर्णय मिळतो. हे सगळं चालतं ते डायरी, सही केलेली पत्रकं आणि तारखेचं बिल यांच्या जोरावर.

रिटेन्शनचा अर्धा भाग काम पुरं झाल्यावर सुटतो. उरलेला अर्धा दोषदुरुस्तीची मुदत, बहुधा १२ महिने, संपल्यावर. तो कोणी आपणहून पाठवत नाही. काम संपतं त्याच दिवशी पुढच्या वर्षीची तारीख कॅलेंडरमध्ये घाला, महिनाभर आधी साइटवर जाऊन झाकणं, मॅनहोल आणि खचलेला भराव बघून दुरुस्त करा, फोटो काढा आणि तारीख येताच बिल पाठवा.